आंतरराष्ट्रीय वित्त : हा विषय काय शिकवितो?

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'आंतरराष्ट्रीय वित्त' हा विषय असतो. नावाला बिचकून आपले अनेक विद्यार्थी तो टाळतात. "हा बड्या व्यापाऱ्यांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध?" असे ते आम्हांस विचारतात. म्हणून त्याची तोंडओळख येथे करून देत आहोत.

१) विनिमय दर

एका चलनाची दुसऱ्या चलनातील किंमत म्हणजे विनिमय दर. समजा, इंग्लंडमधील एका विद्यापीठाची फी १०,००० पौंड आहे आणि एका पौंडास १०० रुपये पडतात. घरच्यांनी १० लाखांचे कर्ज काढले. फी भरतेवेळी पौंड ११० रुपये झाला, तर तीच फी ११ लाख होते. फी वाढली नाही, पण घरावर एक लाखाचा बोजा चढला. त्याच दिवशी तिकडे नोकरी करणाऱ्याने घरी १,००० पौंड पाठविले, तर त्याच्या घरी मात्र १० हजार रुपये जास्त येतात. बदल एकच, एकाचा तोटा, दुसऱ्याचा लाभ.

ही जोखीम टाळण्यासाठी आयातदार बँकेशी वायदा करार करतो. पुढे घ्यावयाच्या चलनाचा दर आजच ठरतो. रुपयावरील व्याज पौंडावरील व्याजाहून जास्त असेल, तर वायद्याचा पौंड आजच्या पौंडापेक्षा महाग असतो. याचे गणित विद्यार्थी वर्गात सोडवितो.

२) व्यवहारतोल

आयात-निर्यात, परदेशातून आलेला पैसा, कर्जे व गुंतवणूक यांचा देशाने मांडलेला जमाखर्च म्हणजे व्यवहारतोल. तो बिघडला की काय होते, हे १९९१ साली आपण पाहिले. आखाती युद्धामुळे तेल महागले, अनिवासी भारतीयांच्या ठेवी निघू लागल्या, आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. १ व ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले.

३) चलनपद्धती

चलनाचा दर सरकारने बांधून द्यावा की बाजारावर सोडावा, हा या विषयातील जुना वाद. थायलंडने आपल्या बाहतचा दर राखण्यासाठी गंगाजळी खर्च केली आणि अखेर २ जुलै १९९७ रोजी तो मोकळा सोडला. परकीय चलनात कर्ज घेतलेल्या कंपन्या बुडाल्या, कामगार बेकार झाले.

याच वादावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला. तो १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. सुवर्ण विनिमय परिमाण भारतास योग्य आहे, असे केन्स यांनी १९१३ साली मांडले होते. बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. त्या पद्धतीत सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात आणि महागाई वाढते, हा त्यांचा आक्षेप होता. रुपयाची खरी स्थिरता परदेशी दरात नसून त्याच्या क्रयशक्तीत आहे, असे त्यांनी सांगितले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मागे राहते. व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

तेव्हा या विषयाचा आपल्याशी संबंध नाही, असे कसे म्हणावे?

विद्यार्थ्यांना आमची एवढीच सूचना आहे. शेकडेवारी व चक्रवाढ व्याज पक्के करावे. वर्तमानपत्रातील विनिमय दराचा रकाना रोज वहीत उतरवावा. दर बदलला की दोन प्रश्न लिहावेत : यात कोणाला मिळाले? आणि कोणाच्या खिशातून गेले? परीक्षेत गुण पहिल्या भागाला मिळतील; दुसरा प्रश्न मात्र जन्मभर उपयोगी पडेल.