शिडाच्या नौकेचा पाण्याखालील पंख

चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालताना तुम्ही पाहिली असेल. पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर टनभर माल उचलूनही ती पुढे कलंडत नाही, कारण तिच्या पाठीमागे बिडाचा एक अवजड ठोकळा बसवलेला असतो. हा ठोकळा काही काम करताना दिसत नाही. पण तो काढून टाकला तर यंत्र निरुपयोगी होईल. वजन किती आहे याइतकेच ते कोठे ठेवले आहे, यालाही महत्त्व असते, हे त्यावरून समजते.

दूरच्या समुद्रप्रवासाला जाणाऱ्या शिडाच्या नौकेतही असाच एक न दिसणारा भाग असतो. नौकेच्या तळाला मध्यभागी, माशाच्या परासारखा एक खोल व अरुंद पंख खाली उतरलेला असतो. त्याला 'फिन कील' म्हणतात. आपण त्याला पंखकणा म्हणू या. हा पंखकणा दोन कामे करतो. वाऱ्याने नौका कलली तर तो तिला पुन्हा उभी करतो, आणि वाऱ्याबरोबर ती आडवी वाहत जाऊ लागली तर तिला रोखतो. ही दोन्ही कामे कशी होतात, ते पाहू.

आपल्या किनाऱ्यावरील दोन नौका

उदाहरणासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. 'सुहेली' ही सुमारे ३२ फूट लांबीची सागवानी नौका मुंबईत बांधली गेली व १९६४ साली पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा प्रवास करणारे ते पहिलेच. सुहेलीचा कणा जुन्या पद्धतीचा, म्हणजे तळाच्या बऱ्याच लांबीभर पसरलेला आहे.

दुसरी नौका 'म्हादेई'. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि २००९ साली भारतीय नौदलात आली. तिची लांबी सुमारे १७ मीटर, वजन सुमारे २३ टन. आराखडा हॉलंडचा, कवच लाकडाच्या पट्ट्यांचे व त्यांवर काचतंतूंचे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून निघालेल्या 'सागर परिक्रमा' मोहिमेत कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून न थांबता ती पूर्ण केली. म्हादेईची भगिनी-नौका 'तारिणी' हिच्यातून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला वळसा घातला. म्हादेई व तारिणी या दोन्ही पंखकण्याच्या नौका आहेत.

पहिले काम : नौका उभी ठेवणे

पाण्यावरील नौकेवर दोन उभी बले कार्य करतात. नौकेचे वजन गुरुत्वमध्यातून खाली, आणि पाण्याचे उत्प्लावक बल वर. उत्प्लावक बल हे बाजूस सारलेल्या पाण्याच्या मध्यातून जाते. नौका सरळ असताना ही दोन्ही बले एकाच रेषेत असतात. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, उत्प्लावक बल कललेल्या बाजूकडे सरकते, आणि दोन बलांत आडवे अंतर पडते. त्यांचे बलयुग्म बनते व ते नौकेला सरळ करू पाहते.

समजा, २३ टनांची नौका २० अंश कलली आणि हे आडवे अंतर ०.४ मीटर झाले. तर सरळ करणारे परिबल २३ × ०.४ = ९.२ टन-मीटर. शिडावरील वाऱ्याचे बल पाण्याखालील रोधाच्या १० मीटर वर लागत असेल, तर ०.९२ टन बलाला नौका तोंड देऊ शकेल.

आता हे आडवे अंतर वाढवायचे कसे? एक उपाय म्हणजे नौका रुंद करणे. तराफा असाच स्थिर असतो. पण तराफा एकदा उलटला की उलटा राहूनही तितकाच स्थिर असतो! दुसरा उपाय म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणणे. त्यासाठी पंखकण्याच्या तळाशी शिसे किंवा बीड घालतात. नौकेच्या तळाशी घातलेल्या अशा ओझ्याला नीरम म्हणतात. २३ टनांपैकी ७ टन नीरम एक मीटर खाली नेले, तर साऱ्या नौकेचा गुरुत्वमध्य ७ ÷ २३, म्हणजे सुमारे ०.३ मीटर खाली येतो. त्यामुळे नौका कलल्यावर दोन बलांत पडणारे आडवे अंतर वाढते. शिवाय नौका जितकी अधिक कलते, तितका खालच्या वजनाचा उपयोग वाढत जातो.

यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' वादळात सापडली. ही सुहेलीच्या आराखड्यावर गोव्यातच बांधलेली नौका होती. लाटेने ती पूर्ण उलथली, डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. तरीही नौका पुन्हा सरळ झाली, आणि तीन दिवसांनी मदत येईपर्यंत तरंगत राहिली. कणा लांब असो वा पंखासारखा, खाली ठेवलेल्या वजनाचे तत्त्व तेच.

दुसरे काम : आडवे वाहणे रोखणे

वारा बाजूने येत असेल तर शीड नौकेला थोडे पुढे व बरेचसे आडवे ढकलते. पंखकणा नसेल तर नौका वाळलेल्या पानासारखी वाऱ्याबरोबर वाहत जाईल.

पंखकण्याचा आडवा छेद दोन्ही बाजूंनी सारखा, पुढे गोलसर व मागे निमुळता असतो. नौका नेहमी चार-पाच अंश तिरकी सरकत असते. त्यामुळे पाणी पंखकण्यावर किंचित कोनात येते, एका बाजूचा दाब वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो, आणि विमानाच्या पंखावर लागते तसे बल येथे आडवे लागते.

हे बल = ½ × घनता × (वेग)² × क्षेत्रफळ × गुणांक. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर, वेग सेकंदाला ३ मीटर, क्षेत्रफळ ४ चौरस मीटर व गुणांक ०.२५ धरा. उत्तर सुमारे ४६०० न्यूटन येते. वेग निम्मा केला तर ते चौथाईवर, म्हणजे ११५० न्यूटनवर येते. म्हणून थांबलेली नौका आधी वाऱ्याबरोबर घसरते. वेग घेतल्यावरच पंख 'पकड' घेतो. पाणी हवेच्या ८०० पटींहून अधिक घन आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या शिडाला हा लहानसा पंख पुरतो.

तो खोल व अरुंद का? पंखाच्या टोकापाशी जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या बाजूस निसटते व शक्ती वाया जाते. टोक आखूड असेल तर निसटणे कमी. ग्लायडरचे पंख लांब व चिंचोळे असतात, तेही याच कारणाने.

लांब कणा की पंखकणा?

पंखकण्याला पाण्याचे घर्षण कमी होते, नौका चटकन वळते आणि वाऱ्याच्या दिशेस अधिक जवळचा मार्ग धरते. लांब कण्याची नौका मात्र सुकाणू सोडले तरी बराच वेळ सरळ जाते. तिचे सुकाणू कण्याच्या मागे सुरक्षित असते आणि ती तळाला टेकली तरी सहसा मोठे नुकसान होत नाही. सुमारे अडीच मीटर खोल बुडणारी म्हादेई कोकणातल्या उथळ खाडीत कोठेही नेता येणार नाही.

सुहेलीला ३१३ दिवस लागले, म्हादेईला टॉमींच्या सफरीत १५१. हा सारा फरक कण्यामुळे पडला असे मात्र समजू नका. दोघींचे मार्ग वेगळे होते. शिवाय नौका स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते व तिच्या वेगाला मर्यादा पडते. पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या (फूट) वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. २८ फुटांना सुमारे ७.१, तर ५० फुटांना ९.५ नॉट. म्हणजे निव्वळ लांबीनेच मोठा फरक पडतो.

बोल्टांची परीक्षा

पंखकण्याचा कमकुवत भाग म्हणजे त्याचा नौकेशी असलेला सांधा. ७ टनांचे वजन सांध्यापासून दीड मीटरवर आहे आणि नौका ९० अंश कलली, असे समजा. सांध्यावरील परिबल १०.५ टन-मीटर. बोल्टांच्या दोन रांगांत अर्धाच मीटर अंतर असेल, तर एका रांगेवर २१ टनांची ओढ पडेल! आणि ही ओढ प्रत्येक लाटेबरोबर कमीजास्त होत राहते. अशा वारंवार बदलणाऱ्या ताणाने धातू थकतो व एरवी सहज पेलला असता अशा ताणालाही तुटतो. मोटारीच्या जुळणीत प्रत्येक बोल्ट ठरावीक परिबलानेच का आवळतात, हे येथे ध्यानात येईल.

मे २०१४ मध्ये अटलांटिक महासागरात 'चीकी रफिकी' नावाच्या नौकेचा पंखकणा निखळला, ती उलटली आणि चारही खलाशी गेले. पूर्वी तळ जमिनीला आपटल्याने व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतील चौकटीचे जोड कमजोर झाले असावेत, असे चौकशीत म्हटले होते. तळ एकदा आपटला की नौका बाहेर काढून सांधा तपासायचा, हा धडा या अपघाताने दिला.

करून पाहा

३० × १० × ४ सेंटीमीटरची हलक्या लाकडाची फळी घ्या. तिच्या तळाला मध्यभागी पत्र्याची २० सेंटीमीटर खोल पट्टी बसवा आणि वर एक बारीक काठी डोलकाठी म्हणून रोवा. सुमारे २५० ग्रॅम वजनाचे नट तारेने पट्टीच्या खालच्या टोकाला बांधा. हौदात फळी तरंगत ठेवून पूर्ण उलटी करा व सोडा. मग तेच नट फळीच्या वरच्या पृष्ठावर बांधून पुन्हा उलटी करा. दोन्ही वेळा काय होते? नंतर पुठ्ठ्याने एका बाजूने वारा घाला. पट्टी असताना व नसताना फळी किती वेगाने आडवी सरकते, ते घड्याळ लावून मोजा.

विचार करा

१. नीरमासाठी बिडापेक्षा शिसे अधिक सोयीचे का?
२. पंखकण्याची खोली दुप्पट केली तर सांध्यावरील परिबलाचे काय होईल?
३. पंखकण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच का ठेवतात?