चवडीतून वाहणारी वीज

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. बैलगाडीच्या वाटेत खड्डा आला, तर गाडीवान शेताच्या कडेने गाडी वळवून नेतो. आगगाडीला ही सोय नाही. रूळ एका जागी सरकला, तरी मागची सारी वाहतूक खोळंबते. तांब्याच्या तारेतील इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण, बैलगाडीप्रमाणे कोणत्याही दिशेने वाट काढतात. काही पदार्थांत मात्र त्यांना आगगाडीसारखा एकच मार्ग मोकळा असतो. अशा पदार्थांना एकमितीय वाहक म्हणतात.

मेण, साखर, कापूस हे कार्बनयुक्त पदार्थ होत. त्यांतून वीज वाहत नाही. म्हणूनच १९७३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर व फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी एका कार्बनी स्फटिकातून धातूप्रमाणे वीज वाहते असे दाखविले, तेव्हा शास्त्रज्ञांस नवल वाटले. हा काळा, सुईसारखा स्फटिक दोन द्रव्यांचा बनतो. त्यांची पूर्ण नावे जिभेची परीक्षा पाहणारी आहेत. शास्त्रज्ञही टीटीएफ व टीसीएनक्यू एवढेच म्हणतात.

दोहोंचे रेणू चपटे असतात. ज्वारीच्या भाकरींची चवड रचावी तसे ते एकावर एक बसतात. टीटीएफची एक चवड, शेजारी टीसीएनक्यूची दुसरी. पहिली आपले काही इलेक्ट्रॉन दुसरीला देते. त्यामुळे दोन्ही चवडींत इलेक्ट्रॉनांना हालचालीस जागा मिळते. ते चवडीच्या लांबीच्या दिशेने सहज धावतात. आडव्या दिशेने वीज शेकडो पटींनी कमी वाहते. प्रकाशालाही हा भेद जाणवतो. अवरक्त प्रकाशाची कंपने चवडीच्या दिशेने असली, तर स्फटिक धातूसारखा प्रकाश परतवितो. कंपने आडवी असली, तर तसे घडत नाही.

धातू थंड केला की त्यातून वीज अधिक सुलभपणे वाहते. हा स्फटिकही प्रथम तसाच वागतो. परंतु तापमान शून्याखाली सुमारे २१९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, की त्याची वाहकता एकाएकी ढासळते. तो अर्धवाहक होतो, आणि आणखी थंड केल्यास जवळजवळ दुर्वाहकच बनतो.

असे का व्हावे? याचे उत्तर रुडॉल्फ पायर्ल्स या पदार्थवैज्ञानिकाने १९५५ सालच्या आपल्या ग्रंथात आधीच सुचविले होते. एकाच रांगेतील अणू अतिशय थंडीत समान अंतरावर राहू शकत नाहीत. ते कोठे किंचित जवळ येतात, तर कोठे किंचित दूर सरतात. तसे केल्याने इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते, पण त्यांची वाट अडते. या स्फटिकातील रेणूंचे असे सरकणे पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसूनही आले. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो. परस्परविरुद्ध रोख असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळल्या, की त्यांचे चुंबकत्व एकमेकांस मारते. म्हणून थंडीत स्फटिकाचा चुंबकीय प्रतिसादही ओसरत जातो.

फिलाडेल्फियातील त्या संशोधकांपैकी अ‍ॅलन हीगर यांनी पुढे कार्बनच्या लांब साखळ्यांतून वीज वाहविली. त्या कार्याबद्दल त्यांना मॅकडायर्मिड व शिराकावा यांच्यासह २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.