पेशींचा कायापालट व विद्यार्थी संशोधक

प्राण्याचें शरीर एकाच पेशीपासून वाढतें. तिच्या वंशांतील कांहीं पेशी त्वचेच्या होतात, कांहीं हृदयाच्या, तर कांहीं मेंदूच्या. एकदां त्वचेची झालेली पेशी पुन्हां मूळच्या अवस्थेस जाणें शक्य नाहीं, असा समज फार दिवस रूढ होता. तो दूर करण्यांत विद्यार्थ्यांचा वांटा केवढा होता, तें आमच्या वाचकांस सांगण्याचा आमचा हेतु आहे.

इंग्लंडांतील ईटन शाळेंत जॉन गर्डन हे जीवशास्त्रांत २५० मुलांमध्यें शेवटचे आले. शास्त्रज्ञ होण्याची त्यांची इच्छा हास्यास्पद आहे, असा शेरा शिक्षकांनीं दिला. पुढें ऑक्सफर्ड येथें संशोधक विद्यार्थी असतांनाच त्यांनीं बेडकांवरील प्रयोगांस आरंभ केला. अंड्यांतील मूळचें केंद्रक निकामी करून त्याचे जागीं बेडूकमाशाच्या आंतड्याच्या पेशींतील केंद्रक त्यांनीं घातलें; आणि कांहीं अंड्यांतून सजीव बेडूकमासे निपजले! १९६२ सालीं हें प्रसिद्ध झालें. आंतड्याच्या पेशींतही सबंध शरीर घडविण्याची माहिती शाबूत असते, हें त्यावरून दिसून आलें.

जपानांत शिन्या यामानाका यांच्याकडे काझुतोशी ताकाहाशी हा विद्यार्थी आला. त्याचें पूर्वशिक्षण अभियांत्रिकीचें होतें. पेशीस मूळ अवस्थेस नेणारीं म्हणून २४ जनुकें निवडलेलीं होतीं. पण एकेकटें जनुक घालून कांहींच साधेना. तेव्हां सर्व जनुकें एकदम घातलीं; मग दर खेपेस एक वगळून पाहिलें. जें वगळतांच काम अडे, तें महत्त्वाचें! अशा रीतीनें चारच जनुकें पुरेशीं ठरलीं. २००६ सालीं उंदराच्या व २००७ सालीं मानवाच्या पेशींवर हें सिद्ध झालें, आणि २०१२ चें नोबेल पारितोषिक गर्डन व यामानाका यांस मिळालें.

अशी संधि आपल्याकडेही आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंत बारावीनंतर प्रवेश मिळतो व अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षीं प्रत्यक्ष संशोधन करावें लागतें. पुण्यांतच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. बंगळुरांत इनस्टेम ही मूलपेशींच्या अभ्यासास वाहिलेली संस्था आहे.

विद्यार्थ्यांनीं आजच कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, दिसेल तेंच वहींत उतरावें, आणि फसलेला प्रयोगही टिपून ठेवावा. पालकांस आमची विनंति एवढीच, कीं एका परीक्षेच्या गुणांवरून मुलाच्या आयुष्याचा निकाल लावूं नये. पेशीसुद्धां एकदां ठरलेल्या स्थितींत कायमची जखडलेली नसते; मग मुलाची काय कथा?