बारा व्होल्टचा हिशेब

खेळांसाठी खास जुळवलेला एखादा संगणक तुम्ही पाहिला असेल. खेळ ऐन रंगात येतो आणि एकाएकी पडदा काळा होतो! संगणक पुन्हा सुरू केला की लेखन, हिशेब बिनतक्रार चालतात. खेळ सुरू केला की पुन्हा तेच. दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. पण पुष्कळदा खरा दोषी असतो तो कोपऱ्यात बसलेला पॉवर सप्लाय.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. पॉवर सप्लाय तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करतो. यांपैकी ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांची भूक मुख्यतः १२ व्होल्टवर भागते.

एका संगणकात दोन कार्डे जोडण्याची 'एसएलआय' ही पद्धत एनव्हिडिया कंपनीने २००४ साली आणली. आपण २०१७ सालच्या जीटीएक्स १०८० टीआय या दोन कार्डांचे उदाहरण घेऊ. प्रत्येक कार्डाला २५० वॉट लागतात. प्रोसेसरला ९१ वॉट, आणि पंखे, डिस्क वगैरेंसाठी ५० वॉट धरू.

२५० + २५० + ९१ + ५० = ६४१ वॉट

आता शाळेत शिकलेले सूत्र आठवा: शक्ती = विद्युत्‌दाब × प्रवाह. कार्डे व प्रोसेसर मिळून ५९१ वॉट होतात. त्यांना १२ ने भागले की सुमारे ४९ अँपिअर येतात. हाच आकडा महत्त्वाचा!

समजा, दुकानात ८५० वॉटचे दोन पॉवर सप्लाय आहेत. 'क'च्या लेबलावर १२ व्होल्टपुढे ७० अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे ८४० वॉट. 'ख'च्या लेबलावर ४५ अँपिअर आहेत, म्हणजे केवळ ५४० वॉट. उरलेली शक्ती ५ व ३.३ व्होल्टसाठी राखलेली. मोठ्या अक्षरांतला आकडा एकच, पण आपल्या संगणकाला 'ख' पुरणार नाही.

बेरजेइतकाच पॉवर सप्लाय घेऊन मात्र भागत नाही. खेळात दृश्य बदलताच कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते. म्हणून बेरजेत तिचा चौथा हिस्सा मिळवावा. ६४१ मध्ये १६० मिळवले की ८०१ होतात. तेव्हा ८५० वॉटचा 'क' योग्य.

८५० वॉटचा पॉवर सप्लाय सदैव ८५० वॉट खातो असे समजू नका. संगणक मागेल तेवढेच तो देतो. मात्र रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ६४० वॉट देण्यासाठी ८० टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय भिंतीतून ८०० वॉट घेतो, तर ९० टक्क्यांचा सुमारे ७११. हा फरक विजेच्या बिलात दिसतो.

आता तारांकडे वळू. कार्डाला मदरबोर्डवरील खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट. आपल्या प्रत्येक कार्डाला यांपैकी एकेक जोडणी लागते. दोन्ही एकाच केबलवर लटकवू नयेत. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट! जोडणीचे प्लॅस्टिक वितळण्याचे कारण येथेच सापडते.

आणखी एक इशारा. पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युत्‌भार काही काळ साठून राहतो.

खेळांसाठी दोन कार्डे जोडण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पण हिशेब जुना झालेला नाही. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०९० या एकाच कार्डाला ५७५ वॉट लागतात, म्हणजे आपल्या दोन कार्डांहूनही अधिक!

सोडवून पाहा: प्रत्येकी ३५० वॉटची दोन कार्डे, १०५ वॉटचा प्रोसेसर व इतर भागांसाठी ५० वॉट. कार्डे व प्रोसेसर यांना १२ व्होल्टवर किती अँपिअर लागतील? पॉवर सप्लाय किती वॉटचा घ्यावा?

(उत्तर: सुमारे ६७ अँपिअर, निदान १०७० वॉट.)