कमिट संदेशांचे नियम

प्रश्न : आठ जणांच्या प्रकल्पात प्रत्येकाचे कमिट संदेश वेगळ्याच पद्धतीचे आहेत. कोणते नियम ठरवावेत?

उत्तर : गिटमध्ये संदेशाची पहिली ओळ म्हणजे शीर्षक. ते साधारण ५० अक्षरांत बसवावे, एक ओळ कोरी सोडावी, मग ७२ अक्षरांच्या ओळींत तपशील लिहावा. कोरी ओळ सोडायची राहून गेली, तर गिट पुढचा मजकूरही शीर्षकातच ओढते.

खरे मोल तपशिलाचे. काय बदलले ते कोडमधला फरक दाखवतोच. का बदलले, दुसरा मार्ग का सोडला, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि दोन वर्षांनी त्या ओळीवर अडलेल्याला नेमके तेच हवे असते. लिनक्स कर्नलमध्ये शीर्षकाआधी उपप्रणालीचे नाव येते. दुरुस्तीच्या संदेशात ‘फिक्सेस’ या ओळीवर, चूक आणणाऱ्या कमिटच्या हॅशची पहिली किमान १२ अक्षरे आणि शीर्षक देतात. त्यावरून दुरुस्ती कोणत्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची ते कळते.

लहान गटाला शीर्षक, कारण आणि तक्रार क्रमांक एवढे पुरे. लांबीची तपासणी हुकवर सोपवावी. मात्र हुक क्लोनबरोबर येत नाही, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवरही ठेवावी. कारण नीट सांगितले आहे का, हे रिव्ह्यू करणाऱ्यानेच पाहावे.