‘मीडिओकर’ : एका शब्दाचा अर्थापकर्ष

प्रास्ताविक
अर्थविस्तार व अर्थसंकोच यांचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. काळाच्या ओघात शब्दाच्या अर्थाला उणेपणा येतो, तेव्हा त्या परिवर्तनास अर्थापकर्ष म्हणतात. मराठी समीक्षेत आणि बोलण्यातही रुळलेल्या ‘मीडिओकर’ या इंग्रजी शब्दाच्या आधारे ही प्रक्रिया समजून घेऊ.

व्युत्पत्ती
हा शब्द 16व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘मेडिओक्रिस’ या शब्दात आहे. ‘मेडिउस’ म्हणजे मधला आणि ‘ओक्रिस’ म्हणजे खडकाळ डोंगर. डोंगराच्या अर्ध्या उंचीवरचा, हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ होय. ‘मेडिउस’ आणि संस्कृत ‘मध्य’ यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच आहे. ‘मध्य’चे प्राकृत रूप ‘मज्झ’. त्यापासून आलेले ‘माज’ हे रूप ‘माजघर’ या शब्दात आजही टिकून आहे.

अर्थाचा प्रवास
लॅटिनमध्ये या शब्दाला ‘मध्यम, बेताचा’ असा अर्थ होता. दोष दाखवणे हे त्याचे मुख्य काम नव्हते. रोमन कवी होरेस याने इ.स.पू. 23 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यात मोडके घर आणि हेवा वाटावा असा महाल या दोहोंपासून दूर असलेल्या मध्यम स्थितीला सोन्याची उपमा दिली. आज मात्र एखाद्या कादंबरीला ‘मीडिओकर’ म्हटले, की ती सुमार ठरते.

‘सुमार’ हा शब्दही याच वाटेने गेला आहे. फारसी ‘शुमार’ म्हणजे गणना. ‘सुमारे शंभर’ यात अंदाजाचा अर्थ उरतो. ‘सुमार लेखन’ यात मात्र हीनता येते. याउलट सप्तकातील चौथा स्वर ‘मध्यम’ आजही कोणास कमी प्रतीचा वाटत नाही. म्हणजेच उणेपणा मधल्या स्थानात नसतो; शिखरालाच मोल देणारी दृष्टी तो शब्दाला चिकटवते.

अर्थात, व्युत्पत्ती आजचा अर्थ ठरवत नाही. तो रूढीने ठरतो. तरीही साहित्यकृतीला किंवा स्वतःच्या अभ्यासाला ‘सामान्य’ ठरवताना आपण स्थान सांगतो आहोत की निकाल देतो आहोत, हे तपासावे. अर्ध्या डोंगरावर चढ चालू असलेला माणूसही असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
1. ‘मीडिओकर’ व ‘सुमार’ यांच्या अर्थपरिवर्तनातील साम्य स्पष्ट करा.
2. अर्थापकर्ष झालेले दोन मराठी शब्द सोदाहरण लिहा.