पाणंदीवरील पेव्हर ब्लॉक : पृष्ठभागाच्या निवडीतील एक चूक

काळ्या मातीच्या मुलखात शेतात जाणाऱ्या पाणंदीसाठी डांबराऐवजी मुरूम, खडी की पेव्हर ब्लॉक घ्यावेत, हे बहुतेक गावांत वरचा पृष्ठभाग पाहून ठरवले जाते. वस्तुतः तो खालच्या मातीचा प्रश्न आहे. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या गावच्या पाणंदीवर ब्लॉक बसवणाऱ्या कंत्राटदाराला मात्र ते सांगूनही पटले नाही.

लेखकाने ग्रामसभेत ब्लॉकखालच्या मुरमाच्या थराविषयी विचारले, तेव्हा अंदाजपत्रक दाखवण्याऐवजी त्याला विकासाचा विरोधक ठरवण्यात आले. पुढच्या वैशाखात ब्लॉकवरून चालताना पायाखाली पोकळ आवाज येऊ लागला. ट्रॉलीच्या चाकोरीतला एक ब्लॉक पहारीने उचलला असता खाली बोटभर कच, म्हणजे खडी फोडताना उरणारी दगडाची बारीक भुकटी, आणि तिच्याखाली थेट काळी माती निघाली. मातीला भेग पडली होती आणि ब्लॉकला आधार देणारी कच त्या भेगेत उतरली होती. कागदावर तेथे मुरूम होता. ब्लॉक उचलल्यामुळेच रस्ता बिघडला, असा लेखी खुलासा नंतर देण्यात आला, हे विशेष.

म्हणून ब्लॉकचा रंग निवडण्यापूर्वी काळी माती किती खोल काढणार आणि मुरूम किती थरांत, पाणी मारून, रोलरने दाबणार, हे लेखी घ्यावे. मुरूम ओला करून मुठीत दाबावा. गोळा झाला पण बोटांना चिखलासारखा चिकटला नाही, तर तो साधारणपणे चालतो. आयएस 15658 या मानकात ब्लॉकची जाडी व प्रत वाहतुकीनुसार बदलते, तेव्हा अंगणातला ब्लॉक उसाच्या ट्रॉलीखाली टिकेल ही आशा व्यर्थ होय. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात, आणि चर नसेल तर काहीच टिकत नाही. पैसा तुटपुंजा असल्यास पायाविना ब्लॉक बसवण्यापेक्षा नीट दाबलेला मुरूम बरा, कारण तो गावाला पुन्हा टाकता येतो. काम सुरू असताना लक्ष ठेवावे, हे तर आहेच. त्याहून उपयोगाचे म्हणजे प्रत्येक थर झाकला जाण्यापूर्वी टेप धरून त्याचे छायाचित्र काढावे.

कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावयाच्या मुदतीस दोषदायित्व कालावधी म्हणतात. तो संपण्यास अकरा दिवस उरले असताना लेखकाने तक्रार दिली. तिची पोच आहे, उत्तर नाही.